रात्रपाळीची गाडी कुठपर्यंत?



मागच्या लेखात ग्रॅच्युइटीचा हिशेब मांडला होता. त्यावर बरीच विचारणा झाली, काही जण विहारात येऊन भेटले. पण भगिनींनी विचारलेले बहुतेक प्रश्न ग्रॅच्युइटीचे नव्हतेच, ते रात्रपाळीचे होते. "सुपरवायझरने रात्री लावली आहे, नाही म्हटले तर काढून टाकील काय?" "सुटायला अकरा वाजतात, गाडी मागता येते काय?" "मुलगी मॉलमध्ये लागली, रात्री उशिरा येते, तोवर तिचा बाप दारात बसून असतो." ग्रॅच्युइटी नोकरी सुटल्यावर मिळते, रात्र रोज येते. म्हणून आज रात्रपाळीविषयी लिहितो. बाईने काय काळजी घ्यावी हे सांगणारे घरोघर पुष्कळ आहेत. मालकाने काय करायचे असते, ते मी सांगतो.

आधी एक गोष्ट ध्यानात घ्या. बायकांनी रात्री काम करणे हे काही नव्याने आलेले नाही. कॉल सेंटरे निघाली आणि बायका रात्री घराबाहेर पडू लागल्या असे वर्तमानपत्रांतून वाचले की हसू येते. रुग्णालयातली आया रात्री कोण होती? बाळंतिणीच्या वॉर्डात पहाटे तीन वाजता लादी कोण पुसत होते? ऊसतोडीला गेलेली बाई दिवसभर मोळ्या बांधून मध्यरात्री कारखान्याची गाडी आली की डोक्यावर मोळी घेऊन फळीवर चढतेच ना? कायद्याने रात्री मनाई केली होती ती कारखान्यातल्या बाईला. १९४८ च्या कारखाने कायद्यात कलम ६६ होते. त्यात बाईने सकाळी सहा ते संध्याकाळी सात एवढ्याच वेळात काम करावे, आणि सरकारने सवलत दिली तरी रात्री दहा ते पहाटे पाच या वेळात करूच नये, असे होते. रुग्णालयातली मावशी या कलमात बसतच नव्हती. तिला मनाईही नव्हती आणि संरक्षणही नव्हते. तिच्या रात्रीकडे कायद्याने पाहिलेच नाही.

त्या मनाईविषयी आपल्यात दोन मते आहेत, आणि दोन्ही ऐकून घेण्यासारखी आहेत. जुने गिरणी कामगार म्हणतात, मनाई होती म्हणून बाई वाचली. दुसरी बाजू अशी की मनाई होती म्हणूनच मालकाने तिला चांगल्या पगाराच्या खात्यात घेतले नाही, तीन पाळ्यांत फिरणारा माणूस हवा म्हणून बाप्या घेतला. मद्रास उच्च न्यायालयाने ८ डिसेंबर २००० रोजी हे कलम घटनेच्या विरोधी ठरवले. मात्र ते ठरवताना न्यायालयाने बाईला नुसते रात्रीत ढकलून दिले नाही. रात्री कामाला लावायचे असेल तर ने-आण, विश्रांतीची जागा, छळापासून संरक्षण अशा अटी मालकावर घातल्या. दार उघडले आणि दाराशी मालकाला उभे केले, असे म्हणा.

बाबासाहेबांच्या काळातही हा पेच होताच. १९२८ साली मुंबई कायदेमंडळात बाळंतपणाच्या सवलतीचे विधेयक आले, तेव्हा त्यांनी त्याला पाठिंबा दिला. आईला बाळंतपणाच्या आधी आणि नंतर विसावा मिळणे हे देशाच्या हिताचे आहे, आणि बाईच्या श्रमावर ज्याला नफा होतो त्या मालकाने त्यातला काही भार उचलावा, असे त्यांचे म्हणणे होते. पुढे ते मजूरमंत्री झाले. युद्धामुळे कोळसा कमी पडत होता म्हणून १९४३ साली सरकारने खाणीत जमिनीखाली बायकांना काम करण्यावरची बंदी उठवली. त्यावर १९४४ च्या फेब्रुवारीत दिल्लीच्या कायदेमंडळात जोरदार चर्चा झाली. बाबासाहेबांनी ही युद्धाची निकड आहे असे सांगितले आणि जमिनीखाली उतरणाऱ्या बाईला पुरुषाइतकीच मजुरी मिळेल या गोष्टीवर बोट ठेवले. १९४६ च्या सुरुवातीला बंदी परत लागू झाली. हे सांगण्याचे कारण एवढेच, की बाईने काम करावे की नाही यावर बोलत बसण्यापेक्षा तिला कामाला लावणाऱ्याने काय द्यायचे हा प्रश्न आपल्याकडे फार आधीच विचारला गेला आहे.

आता आजचा कायदा. कारखाने कायदा आता राहिला नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या आणि जुने बरेच कायदे त्यांत विरले. त्यांपैकी सुरक्षा, आरोग्य आणि कामाच्या स्थितीची जी संहिता आहे, तिच्या कलम ४३ मध्ये असे आहे की बाईला सर्व आस्थापनांत सर्व प्रकारच्या कामाचा हक्क आहे, आणि तिची संमती असेल तर सकाळी सहाच्या आधी व संध्याकाळी सातच्या नंतरही तिला काम देता येईल. पण सुरक्षा, सुट्ट्या आणि कामाचे तास यांविषयी सरकार ज्या अटी घालील त्या मालकाला पाळाव्या लागतील. ही संहिता साधारणपणे दहा किंवा जास्त कामगार असलेल्या आस्थापनांना आहे.

दुसरा आपल्या राज्याचा २०१७ चा दुकाने व आस्थापना कायदा. तो अजून जिवंत आहे आणि आपल्या बायकांच्या जास्त कामाचा आहे. दुकान, मॉल, हॉटेल, खाजगी रुग्णालय, ऑफिसांची साफसफाई घेणारा ठेकेदार, सगळे त्यात येतात. त्याच्या कलम १३ प्रमाणे सकाळी सात ते रात्री साडेनऊ ही बाईच्या कामाची वेळ. साडेनऊनंतर काम द्यायचे तर तिची संमती पाहिजे, तिच्या प्रतिष्ठेचे आणि सुरक्षिततेचे पुरेसे संरक्षण पाहिजे, लैंगिक छळापासून संरक्षण पाहिजे, आणि कामाच्या ठिकाणापासून तिच्या घराच्या दारापर्यंत वाहन पाहिजे. घराच्या दारापर्यंत, हे शब्द कायद्यातले आहेत, माझे नाहीत. स्टेशनापर्यंत नाही, हायवेपर्यंत नाही.

यात एक खाच आहे. २०१७ साली हा कायदा दहा कामगारांपासून पुढे होता. २०२५ साली वटहुकूम काढून ती मर्यादा वीसवर नेली. म्हणजे पंधरा कामगारांच्या दुकानातल्या बाईला दारापर्यंतच्या गाडीचे कलम सांगता येत नाही, तिला संहितेच्या अटींवर विसंबावे लागते. आणि आठ कामगारांच्या खानावळीत रात्री भांडी घासणारी जी आहे, तिच्या गाडीची जबाबदारी यांतल्या कुणाच्याच अंगावर येत नाही. व्यवसाय सुलभ करायचा म्हणून मर्यादा वाढवली असे सांगितले जाते. कुणाला सुलभ झाला ते खानावळीतल्या बाईला विचारावे.

आता "रात्रपाळी" या शब्दाचा गोंधळ सोडवू या, कारण मालक इथेच हातचलाखी करतात. आमच्या बायकांना सांगतात, "तुमची कुठे रात्रपाळी? तुमची दुसरी पाळी. तीन ते अकरा." कायद्यात पाळीचे नाव लिहिलेले नाही, घड्याळ लिहिलेले आहे. साडेनऊला बाई कामावर आहे ना? मग गाडीची जबाबदारी लागली. पाळीला दुसरी म्हणा नाहीतर तिसरी म्हणा.

मी कारकून माणूस, मला हिशेब मांडल्याशिवाय राहवत नाही. अकराला सुटलेली बाई काय करते? जवळ राहणारी रिक्षा करते. समजा नव्वद रुपये लागले, तर सव्वीस दिवसांचे दोन हजार तीनशे चाळीस रुपये झाले. एवढे पैसे ती मालकाच्या वतीने स्वतःच्या पगारातून भरते. लांब राहणारी, जिची शेवटची गाडी चुकते, ती गेटवर किंवा पायऱ्यांवर पहिल्या लोकलची वाट पाहत बसते. अकरा ते चार असे धरले तरी पाच तास, सव्वीस दिवसांचे एकशे तीस तास. आठ तासांचा एक दिवस धरला तर सोळा दिवसांवर जाते. महिन्याला सोळा दिवस ती बाई बिनपगारी मालकाच्या दारात बसलेली असते आणि हजेरीपटावर त्याची एक रेघही नसते. मालकाला गाडी महाग पडते असे म्हणतात. गाडीचा खर्च टळलेला नसतो, तो फक्त बाईच्या खात्यावर टाकलेला असतो.

मध्यंतरी एका रविवारी वंदना झाल्यावर सहा जणी थांबल्या. सगळ्या एका मोठ्या खाजगी रुग्णालयात ठेकेदारामार्फत साफसफाईला. रुग्णालयात आपल्या बाईला नाव नसते, तिला मावशी म्हणतात. ठेकेदाराने प्रत्येकीला एक कागद दिला होता, इंग्रजीत टाइप केलेला, आणि सोमवारी सही करून आणा म्हणून सांगितले होते. दोघींनी आदल्याच दिवशी सही करून टाकली होती, कारण मुकादम म्हणाला, "हा नुसता हजेरीचा फॉर्म आहे, मावशी." कागदात तीन वाक्ये होती. मी स्वखुशीने रात्री काम करण्यास तयार आहे. माझ्या येण्या-जाण्याची व्यवस्था मी स्वतः करीन. वाटेत काही घडल्यास कंपनी किंवा रुग्णालय जबाबदार राहणार नाही.

बी.कॉम.ला मर्कंटाइल लॉ म्हणून एक विषय असतो. परीक्षा झाली की पोरे विसरून जातात, पण त्यातले एक कलम आयुष्यभर उपयोगी पडते. १८७२ च्या करार कायद्याचे कलम २३. ज्या करारामुळे कायद्याचा हेतूच निकामी होतो, तो करार बेकायदेशीर. कायद्याने मालकावर टाकलेले ओझे बाईच्या सहीने तिच्या डोक्यावर जात नाही. शिवाय संमती मागितली आहे ती रात्री काम करण्याला. गाडी सोडून देण्याला संमती द्या असे कायद्यात कुठेही म्हटलेले नाही. एका कागदात दोन गोष्टी गुंडाळल्या की वाचणाऱ्याच्या लक्षात येत नाही, आणि न वाचणाऱ्याच्या तर नाहीच नाही. तेव्हा ज्या दोघींनी सही केली होती त्यांना म्हटले, तुम्ही घाबरू नका, त्या कागदाने तुमचा हक्क जात नाही. पण बाकी चौघींनी तो करू नका.

मग नकार द्यायचा काय? नकार दिला की मुकादमाला आयते निमित्त, बाई कामाला तयार नाही. आम्ही उलट केले. एका पानाचा मराठीत अर्ज लिहिला. "मी रात्री काम करण्यास तयार आहे. कायद्याप्रमाणे माझ्या घराच्या दारापर्यंत वाहन, रात्री वापरता येईल असा स्वच्छ संडास व कपडे बदलण्याची खोली, आणि अंतर्गत समितीच्या सदस्यांची नावे व फोन नंबर मिळावेत. हे मिळाल्याच्या दिवसापासून माझी संमती समजावी." सहा जणींचे सहा अर्ज, मजकूर एकच. एक प्रत ठेकेदाराला, एक रुग्णालयाच्या प्रशासकाला, एक कामगार आयुक्त कार्यालयाला. प्रशासकाच्या ऑफिसात आवक क्लार्कने घ्यायला नकार दिला, म्हणाला ठेकेदाराची माणसे आमची नाहीत. आम्ही पोस्टात जाऊन स्पीड पोस्टाने पाठवले आणि पावत्या एका वहीत डकवल्या.

ठेकेदाराची माणसे आमची नाहीत, हे वाक्य आपल्या लोकांनी इतक्या वेळा ऐकले आहे की आता ते खरेच वाटू लागले आहे. ते खरे नाही. ठेकेदारी कामगारांना पाणी, संडास, विश्रांतीची जागा अशा सोयी देण्याची जबाबदारी नव्या संहितेतही मूळ मालकावरच ठेवली आहे. लैंगिक छळाच्या २०१३ च्या कायद्यात तर कर्मचारी म्हणजे कोण हे सांगतानाच ठेकेदारामार्फत आलेली, रोजंदारीवरची, तात्पुरती, सगळ्या धरल्या आहेत, मूळ मालकाला तिचे नाव ठाऊक असो वा नसो. लादी तुमची, जिना तुमचा, रुग्ण तुमचे, आणि तो जिना पुसणारी मात्र परकी, हे चालत नाही.

त्या सहा जणींचे पुढे असे झाले की अठराव्या दिवशी गाडी सुरू झाली. जुनी व्हॅन आहे, पण आहे. संडासाला आतून कडी बसली. एक मात्र वाईट झाले. सगळ्यांत वयस्क बाई, जी अर्ज द्यायला पुढे झाली होती, तिची बदली ठेकेदाराने शहराच्या दुसऱ्या टोकाला केली. दोन बसेस बदलून तिला जावे लागते. अर्ज कुणाच्या अक्षरात होता हे त्याने हेरले असावे. त्या बदलीविरुद्धचा अर्ज कामगार कार्यालयात पडून आहे आणि आम्ही दर पंधरा दिवसांनी तिथे जातो. हे मुद्दाम लिहिले, कारण हक्क मागा म्हणणे सोपे असते. पुढे होणाऱ्या बाईला त्याची किंमत पडते, तेव्हा पुढे एकीने होऊ नये, सगळ्यांनी एकदम व्हावे.

आता गाडी मिळाली म्हणजे झाले काय? नाही. १ नोव्हेंबर २००७ च्या रात्री पुण्यात एका कंपनीतली तरुण मुलगी रात्रपाळीला निघाली. तिला न्यायला आलेली गाडी कंपनीच्या ठेक्यावरचीच होती. त्या गाडीच्या चालकाने आणि त्याच्या साथीदाराने तिच्यावर अत्याचार करून तिला मारून टाकले. त्याआधी २००५ च्या डिसेंबरात बंगळूरला असेच घडले. तिथे आजचा चालक मीच म्हणून दुसराच माणूस गाडी घेऊन आला होता. बंगळूरच्या प्रकरणात कंपनीच्या प्रमुखावर दुकाने कायद्याखाली खटला भरला गेला. तो रद्द करावा म्हणून तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, पण २००८ साली न्यायालयाने खटला रद्द करायला नकार दिला. चालकाने केले त्याला मी काय करू, एवढे म्हणून हात झटकता येत नाहीत हे त्यातून दिसले.

म्हणून गाडीविषयी विचारायचे ते असे विचारा. चालक कोण, त्याचा परवाना आणि पोलीस पडताळणी झाली आहे का, त्याचा फोटो व नंबर आपल्याकडे आहे का. चालकाबरोबर ओळखीचा म्हणून दुसरा कुणी बसलेला असेल तर गाडीत चढू नका आणि लगेच ऑफिसला फोन करा. पुण्याच्या गाडीत दुसरा माणूस होता हे विसरू नका. शेवटी उतरणारी बाई एकटी राहू नये म्हणून उतरण्याचा क्रम बदलता येतो, नाहीतर सोबतीला पहारेकरी लागतो. ही वाटेची यादी मालकाने करायची, बायकांनी आपसात ठरवून घ्यायची नाही.

आणि गाडीत काही घडले तर ते "बाहेर" घडले असे कुणी म्हणाले तर ऐकू नका. २०१३ च्या कायद्यात मालकाने पुरवलेले वाहन हे कामाचे ठिकाणच आहे. चालकाने अचकट-विचकट बोलणे, आरशातून पाहत राहणे, हात लावणे, सगळ्याची तक्रार अंतर्गत समितीकडे करता येते. दहा किंवा जास्त कर्मचारी असतील तिथे ही समिती असलीच पाहिजे. दहापेक्षा कमी असतील, किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जायचे. खानावळीतल्या त्या आठ जणींना गाडीचा कायदा नाही, पण हा आहे. तक्रार तीन महिन्यांच्या आत लेखी द्यायची, कारण पटले तर समिती आणखी तीन महिने देऊ शकते. लिहिता येत नसेल तर समितीने मदत करायची असते. हा कायदा सहज मिळालेला नाही. राजस्थानातल्या भटेरी गावच्या भंवरी देवी बालविवाह रोखायला गेल्या, सरकारच्याच कामात होत्या, म्हणून १९९२ साली त्यांच्यावर सामूहिक अत्याचार झाला. त्यातून विशाखा खटला उभा राहिला, १९९७ साली सर्वोच्च न्यायालयाने नियम घालून दिले, आणि कायदा व्हायला त्यानंतर सोळा वर्षे लागली.

कामाच्या जागेतली रात्र हा वेगळा विषय आहे. गाडीपेक्षा तिच्याकडे दुर्लक्ष होते, कारण आत काय चालते ते कुणाला दिसत नाही. २७ नोव्हेंबर १९७३ ला मुंबईच्या केईएम रुग्णालयात परिचारिका अरुणा शानबाग काम संपवून तळघरात कपडे बदलत होत्या, तिथे त्यांच्यावर हल्ला झाला. त्यानंतर बेचाळीस वर्षे त्या त्याच रुग्णालयात अंथरुणाला खिळून राहिल्या आणि १८ मे २०१५ ला गेल्या. त्यांच्या सहकारी परिचारिकांनी तेव्हा संप केला होता. पुढे सगळ्या देशात चर्चा झाली ती दयामरणाची. कपडे बदलायला नीट जागा असणे म्हणजे काय, याची चर्चा त्या मानाने थोडीच झाली. ९ ऑगस्ट २०२४ ला कोलकात्याच्या सरकारी रुग्णालयात शिकाऊ डॉक्टर मुलीचा खून झाला, तीही सलग ड्यूटीत थकून सभागृहात आडवी झाली होती. डॉक्टर असो, नर्स असो की मावशी, आडवे व्हायला कडी असलेली खोली नव्हती हे तिघींचे सारखेच.

कोलकात्याच्या घटनेनंतर तिथल्या सरकारने काय सुचवले? शक्य तिथे बायकांना रात्रीची ड्यूटी देऊ नये. सर्वोच्च न्यायालयाने १७ सप्टेंबर २०२४ ला त्यावर कान उपटले. सुरक्षा देणे तुमचे काम आहे, बायकांना रात्री काम करू नका असे सांगता येणार नाही, असे बजावले. आपल्या घरांतही हेच चालते. पोरगी रात्री उशिरा येते म्हणून तिचे काम सोडवायचे. तिच्या मालकाकडे गाडी मागायला जायचे मात्र कुणाला सुचत नाही. त्या दारात बसणाऱ्या बापाला माझे सांगणे आहे की बाबा, एक दिवस तिच्या दुकानाच्या मॅनेजरला जाऊन भेटा, हातात अर्ज घेऊन.

सुट्टीचा एक मुद्दा राहिला, तो फार थोड्यांना माहीत असतो. रात्री अकराला कामावर गेलेली बाई शनिवारी जाते आणि रविवारी सकाळी सातला सुटते. मुकादम म्हणतो, रविवार तुझी सुट्टी, सोमवारी सकाळच्या पाळीला ये. ही सुट्टी धरायची कुठून? रात्री बाराच्या पुढे जाणाऱ्या पाळीला सुट्टीचा दिवस म्हणजे पाळी संपल्यापासून पुढचे सलग चोवीस तास. जुन्या कारखाने कायद्यात हे होते आणि नव्या संहितेच्या कलम २८ मध्येही तेच ठेवले आहे. म्हणजे रविवार सकाळी सात ते सोमवार सकाळी सात. त्याआधी बोलावले तर ती सुट्टी दिलीच नाही. हजेरीपट लिहिणाराच हे सांगतो आहे असे समजा.

वाटेत अपघात झाला तर? २००३ साली आपल्याच राज्यात एका साखर कारखान्याचा रखवालदार पहाटे तीनच्या पाळीला जाताना कारखान्यापासून पाचेक किलोमीटरवर अपघातात गेला. विमा कंपनी म्हणाली, तो कामावर नव्हता, रस्त्यावर होता. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की घरून कामावर जाताना झालेला अपघात, वेळ, जागा आणि काम यांचा संबंध दिसत असेल, तर कामातलाच. घरच्यांना न्याय मिळायला बावीस वर्षे लागली. रात्री-पहाटे जाणाऱ्यांच्या घरच्यांनी हे लक्षात ठेवावे, आणि हजेरीचा, पाळीचा कागद घरात ठेवावा. पाळी कोणती होती हे कागदावर नसले तर पुढे सिद्ध करणे जड जाते.

रात्रीच्या कामाचा देहावर होणारा परिणाम डॉक्टर सांगतील तर बरे. मला एवढे ठाऊक आहे की जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेने २००७ साली रात्रपाळीला बहुधा कर्करोग घडवणाऱ्या गोष्टींच्या गटात घातले आणि २०१९ साली ते कायम केले. दहा बाय बाराच्या खोलीत रात्रपाळी करून आलेली बाई झोपते कुठे? सकाळी आठला येते, पोरांचा डबा, पाणी भरणे, धुणे, दुपारी एकला पाठ टेकते, तोवर शेजारी टीव्ही. तिच्या नवऱ्याने, सासूने एवढे करावे की ती आल्यावर पाणी भरलेले असावे. नवरा रात्रपाळी करून आला की सगळ्या घराला हळू बोला म्हणतात, तेच तिच्यासाठी म्हणायला काही खर्च येत नाही.

कायद्याच्या मदतीला पैसे लागतात या भीतीने मागे राहू नका. १९८७ च्या कायद्याप्रमाणे कोणत्याही बाईला, तिचे उत्पन्न कितीही असो, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. बाई असणे पुरेसे आहे, जातीचा दाखला नाही म्हणून अडत नाही. आपल्या बौद्ध कुटुंबांना दाखल्यासाठी काय फिरावे लागते ते सर्वांना ठाऊक आहे, म्हणून हे लिहिले. आणि रात्री प्रसंग आलाच तर ११२.

त्या व्हॅनविषयी थोडे. ती सध्या हायवेच्या नाक्यावर थांबते. तिथून वस्तीत चालत दहा मिनिटे, मध्ये दारूचे दुकान आणि बंद पडलेले तीन दिवे. चालक म्हणतो, गाडी गल्लीत वळत नाही, आणि ते खरे आहे. पण कायदा दारापर्यंत म्हणतो. गाडी जात नसेल तर सोबतीच्या पहारेकऱ्याने उतरून दारापर्यंत चालावे, असा दुसरा अर्ज आम्ही दिला आहे, आणि दिव्यांसाठी वॉर्ड ऑफिसात वेगळा. ज्या भगिनींची गाडी अशीच नाक्यावर थांबते त्यांनी आपल्या भागातल्या महिला मंडळाकडे वेळ, वाट आणि अंतर लिहून द्यावे, म्हणजे सगळे अर्ज एकत्र करता येतील.

पुढच्या लेखात बाळंतपणाची रजा आणि पाळणाघर. पन्नास कर्मचाऱ्यांच्या पुढे पाळणाघर लागते, ते रात्री उघडे ठेवतात काय, हे आपापल्या ठिकाणी विचारून ठेवा.